आठ हातांची बाई आणि तिचं मासिक

हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐकलं तरी चालेल.

आजची गोष्ट एका अमेरिकन पत्रकार बाईची आहे. त्यांचं नाव ग्लोरिया स्टायनेम. त्यांनी बायकांसाठी एक मासिक काढलं आणि ते जगभर गाजलं. आमच्या बैठकीत हे नाव निघालं तेव्हा एका मावशींनी लगेच विचारलं, "अमेरिकेतल्या बाईशी आपलं काय देणंघेणं?" प्रश्न अगदी रास्त आहे. देणंघेणं आहे, आणि त्यातलं देणं आपल्या देशाचं आहे. ही बाई तरुणपणी भारतात आली, खेड्यांतून पायी हिंडली, जमिनीवर गोल करून बसली, आणि तिथे जे शिकली ते आयुष्यभर वापरत राहिली.

ग्लोरियाचा जन्म २५ मार्च १९३४ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातला. वडील जुन्या वस्तू विकत घेऊन विकायचे. हिवाळा आला की सगळं कुटुंब गाडीमागे जोडलेल्या फिरत्या घरात बसून गावोगाव निघायचं. त्यामुळे लहानपणी ग्लोरियाची शाळा अशी नीट झालीच नाही. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचं काय होतं ते आपण पाहतो. तिची गरिबी तेवढी नव्हती, पण एका जागी पाय न टिकणं तेच होतं.

तिची आई, रूथ, लग्नाआधीपासून वर्तमानपत्रात काम करायची. तो काळ असा, की सुरुवातीला तिने पुरुषाचं नाव घेऊन लिहिलं. पुढे ती टोलेडोतल्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकाची संपादक झाली. मग घर, मूल आणि नवऱ्याचा धंदा यांत नोकरी सुटली. मन खचलं, आजारपण जडलं. १९४४ मध्ये आईवडील वेगळे झाले आणि दहा वर्षांची ग्लोरिया आजारी आईला सांभाळू लागली. पुढची सहा-सात वर्षं मुलगीच आईची आई झाली होती.

हे इतकं सांगायचं कारण असं, की ग्लोरियाबाईंनी पुढे आईवर एक मोठा लेख लिहिला. लोक आईला आजारी म्हणून सोडून देत होते. मुलीने मात्र मागे वळून पाहिलं तेव्हा तिला एक हुशार पत्रकार दिसली, जिला स्वतःचं काम सोडावं लागलं होतं. आपल्याही गावात "ती जरा तशीच आहे" असं जिच्याबद्दल म्हणतात, ती बाई आधी काय करत होती, तिचं काय सुटलं, हे कुणी विचारतं का?

ग्लोरियाने शिक्षण पुरं केलं. १९५६ मध्ये स्मिथ कॉलेजातून पदवी घेतली आणि शिष्यवृत्तीवर ती भारतात आली. दिल्लीत काही काळ राहून मग रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या बायकांच्या डब्यातून तिने दक्षिणेकडे प्रवास केला. त्या डब्यात बायका तिला डब्यातलं खायला द्यायच्या, साडी नेसायला शिकवायच्या आणि खुशाल विचारायच्या, लग्न झालं का, मुलं किती हवीत, मुलं नको असतील तर काय करता. भाषा येवो न येवो, गप्पा थांबत नव्हत्या. बायकांचा डबा म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको.

त्या वेळी मद्रास राज्यातल्या रामनाथपुरम भागात जातीय दंगल पेटली होती. साल १९५७. घरं जळत होती, माणसं मारली जात होती आणि खऱ्या बातमीपेक्षा अफवा जास्त पळत होत्या. विनोबा भावे आपल्याला माहीत आहेत. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे, भूदानासाठी देशभर पायी फिरलेले. त्यांच्या विचारांचे कार्यकर्ते तीन-चार जणांची तुकडी करून त्या गावांतून पायी फिरत होते. एका तुकडीत बाई नव्हती. बरोबर बाई नसेल तर गावातल्या बायका सभेला येणार नाहीत. म्हणून परदेशी का होईना, पण बाई हवी होती. ग्लोरिया गेली. बरोबर सामान काय, तर साडी, एक पेला आणि एक कंगवा. जेवण आणि निवारा गावकरी देतील तो.

दिवसा चालायचं. रात्री कंदिलाच्या उजेडात सगळ्यांनी गोल करून बसायचं. कार्यकर्ते भाषण ठोकत नव्हते. गावातल्या माणसांनी आपल्यावर काय गुदरलं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. कुणाचं तरी ऐकून घेतलं जातंय एवढ्यानेच माणसं शांत होत गेली, असं ग्लोरियाबाईंनी पुढे लिहिलं आहे. तिथून त्या एक गोष्ट शिकल्या. लोकांनी आपलं ऐकावं असं वाटत असेल तर आधी लोकांचं ऐकावं लागतं. आणि लोक कसे जगतात हे कळायला त्यांच्याबरोबर जमिनीवर बसावं लागतं.

आता सांगा, गटाच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी आपल्याला काय शिकवतात? गोलात बसा. अध्यक्षाला वेगळी खुर्ची नको, सचिवाला वेगळी सतरंजी नको. सगळ्याजणी सगळ्याजणींना दिसल्या पाहिजेत. आम्ही नवीन गट बांधायला जातो तेव्हा काही बायका भिंतीला टेकून मागे बसतात. त्यांना पुढे गोलात आणायलाच दोन-तीन बैठका जातात. त्या गोलाची किंमत या बाईने परदेशात नेऊन दाखवली.

अमेरिकेत परतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये लिहायला सुरुवात केली. पण बाईला काम कोणतं मिळायचं? कपडे, मोजे, केशरचना, नटनट्यांच्या मुलाखती. निवडणूक, युद्ध, सरकार हे विषय पुरुषांचे. त्यांना लिहायचं होतं ते हे सगळं, आणि पदरी येत होतं ते दुसरंच.

१९६३ मध्ये त्यांनी एक धाडसाचं काम केलं. न्यूयॉर्कमध्ये श्रीमंत पुरुषांसाठी प्लेबॉय नावाचा क्लब होता. तिथे तरुण मुली तोकड्या, आवळ कपड्यांत, डोक्यावर सशाचे कान आणि मागे शेपटी लावून दारू वाढायच्या. जाहिरातीत आठवड्याला २०० ते ३०० डॉलर मिळतील असं लिहिलेलं. ग्लोरियाबाई खोटं नाव घेऊन तिथे नोकरीला लागल्या आणि आतली हकीकत 'शो' नावाच्या मासिकात दोन भागांत लिहिली. जाहिरातीतला पगार मुलींच्या हातात पडत नव्हता. पोशाख धुण्याचे पैसे कापले जात, बारीकसारीक चुकांची वेगळी नोंद होई. उंच टाचांवर उभं राहून पाय सुजत. नोकरीसाठी वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली मुलींची नको ती तपासणी होई. ती तपासणी पुढे बंद झाली.

लेख गाजला, पण त्याचं फळ कडू निघालं. संपादक त्यांना गंभीर पत्रकार मानण्याऐवजी "ती क्लबातली पोरगी" म्हणून ओळखू लागले. अन्याय उघडा करणाऱ्या बाईच्याच अंगाला तो डाग चिकटला. हे काही फक्त तिकडेच घडतं असं नाही.

१९६८ मध्ये 'न्यूयॉर्क' नावाचं नवं साप्ताहिक निघालं. ते उभं करणाऱ्यांत ग्लोरियाबाई होत्या आणि तिथे त्यांना राजकारणावर लिहायला मिळालं. कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा लढा चालू होता. सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता हे त्याचे पुढारी. त्या लढ्यालाही ग्लोरियाबाईंनी मदत केली.

मग १९६९ साल आलं. न्यूयॉर्क राज्यात गर्भपाताच्या कायद्यावर सरकारी सुनावणी ठेवली गेली. साक्षीला बोलावले कोण, तर चौदा पुरुष आणि एक जोगीण. ज्यांच्या पोटाचा प्रश्न त्यांना बोलावणंच नाही. चिडलेल्या बायकांनी एका चर्चमध्ये स्वतःची सभा भरवली. एकेक बाई उठली आणि चोरून, जिवावर उदार होऊन करावा लागलेला गर्भपात सगळ्यांसमोर सांगू लागली. ग्लोरियाबाई तिथे बातमी लिहायला गेल्या होत्या. बावीस वर्षांच्या असताना, भारतात येण्याच्या वाटेवर, लंडनमध्ये त्यांनी स्वतः गर्भपात करून घेतला होता आणि ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री त्यांना कळलं, की जे आपण एकटीचं गुपित म्हणून जपलं, ते हजारो बायकांचं आहे. आणि हजारो बायकांचं असेल तर ते एकटीचं पाप कसं?

आपल्या देशात गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला. अमेरिकेत १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला आणि २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो काढून घेतला. हक्क एकदा मिळाला म्हणजे कायमचा पदरात पडला असं नसतं, हे यातून दिसतं.

त्यानंतर ग्लोरियाबाई सभांतून बोलू लागल्या. लिहिणारी बाई, पण चारचौघांत बोलायची भयंकर भीती. तोंडाला कोरड पडायची. म्हणून त्या एकट्या जायच्या नाहीत. डोरोथी पिटमन ह्यूज या कृष्णवर्णीय कार्यकर्तीबरोबर जोडीने जायच्या. डोरोथीबाई न्यूयॉर्कमध्ये पाळणाघर चालवायच्या. एक गोरी, एक काळी, अशा दोघी एकाच व्यासपीठावर उभ्या राहिल्या की लोक बघत राहायचे. आमच्यातही ग्रामसभेत बोलायला एकटी उभी राहायला पाय लटपटतात. दोघी-तिघी जोडीने उभ्या राहिल्या की जमतं. ही युक्ती सगळ्या गटांनी वापरून बघावी.

जिथे जातील तिथे बायका विचारायच्या, हे सगळं आम्हाला वाचायला कुठे मिळेल? त्या वेळी बायकांची मासिकं पुष्कळ होती, पण त्यांत पाककृती, शिवण, आणि नवरा खूश कसा ठेवावा. आणि संपादक बहुतेक पुरुष. तेव्हा ग्लोरियाबाई आणि त्यांच्या मैत्रिणींनी स्वतःचं मासिक काढायचं ठरवलं. नाव ठेवलं 'मिझ'.

हे नाव समजून घेण्यासारखं आहे. इंग्रजीत पुरुषाला 'मिस्टर'. लग्न झालेलं असो नसो. बाईला मात्र लग्नाआधी 'मिस' आणि लग्नानंतर 'मिसेस'. 'मिझ' हा असा शब्द, की बाईचं लग्न झालंय की नाही हे त्यातून कळत नाही. आपल्याकडे बघा. पुरुष जन्मभर 'श्री.' बाई आधी 'कु.', मग 'सौ.', आणि नवरा गेला की 'गं. भा.' नाहीतर 'श्रीमती'. लग्नपत्रिकेतल्या दोन अक्षरांवरून अख्ख्या गावाला कळतं, तिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही. आमच्या काही गटांनी हजेरीच्या वहीत ही अक्षरं लिहायचं बंद केलं आहे. नुसतं नाव लिहितात. कुणाचंही काही अडलं नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क' साप्ताहिकाच्या पोटात 'मिझ'ची चाळीस पानी पुरवणी निघाली. मग १९७२ च्या सुरुवातीला पूर्ण पहिला अंक आला. त्याच्या मुखपृष्ठावर काय होतं? निळ्या अंगाची, आठ हातांची बाई. हो, आपल्या देवीसारखी. पण हातांत त्रिशूळ नाही, खड्ग नाही. एका हातात तवा, एका हातात इस्त्री, एकात टेलिफोन, एकात टंकलेखन यंत्र, एकात मोटारीचं चाक, एकात घड्याळ, एकात आरसा आणि एकात धूळ झटकायचा झाडू. पोटात बाळ, आणि डोळ्यांत पाणी. मिरियम वॉस्क या चित्रकर्तीने ते काढलं होतं. देवीला आठ हात दिले म्हणून आपण तिची पूजा करतो. घरातली बाई आठ हातांची कामं दोन हातांनी करते, तिला "दिवसभर काय करतेस" म्हणून विचारतो. त्या चित्रात हेच होतं.

अंकाच्या तीन लाख प्रती छापल्या. त्या बरेच दिवस पुरतील असा हिशेब. ग्लोरियाबाई अंकाच्या प्रचारासाठी कॅलिफोर्नियात गेल्या तर लोक म्हणाले, दुकानात अंकच नाही. त्यांना वाटलं, माल पोचलाच नाही. घाबरून त्यांनी कचेरीत फोन केला. अंक आले होते. ते आठ दिवसांत संपले होते. पाठोपाठ वीस हजारांवर पत्रं आली आणि सव्वीस हजार बायकांनी वर्गणी भरली. एका टीव्ही निवेदकाने भविष्य सांगितलं होतं, की या बायकांचे विषय थोड्या महिन्यांत संपतील. मासिक टिकलं, आणि पुढे त्याने आपलं बोलणं चुकल्याचं मान्य केलं.

त्या अंकात ५३ बायकांनी, आम्ही गर्भपात केला आहे, असं स्वतःच्या सहीने जाहीर केलं होतं. त्यांत ग्लोरियाबाईही होत्या. सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरीब आयांची बाजू जॉनी टिलमन या कृष्णवर्णीय बाईने मांडली होती. ज्युडी सायफर्स या लेखिकेने तर 'मला एक बायको हवी' असा लेख लिहिला. स्वयंपाक करणारी, मुलं सांभाळणारी, पाहुण्यांचं बघणारी, कधी न थकणारी बायको मिळाली तर कुणाला नको आहे? वाचून बायका पोट धरून हसल्या आणि मग गप्प झाल्या.

'मिझ'च्या कचेरीत नावांची यादी पदाप्रमाणे न छापता अक्षरांच्या क्रमाने छापत. लेकुरवाळ्या बायका मुलं बरोबर आणत. त्यांच्यासाठी तिथे खेळायचा कोपरा होता. भांडवल हवं होतं तेव्हा वॉर्नर कंपनीने दहा लाख डॉलर दिले, पण त्या बदल्यात मालकीचा चौथा हिस्साच घेतला. ताबा बायकांच्या हाती राहिला. गटाला बाहेरून पैसा घेताना आपणही हे बघायला हवं. कर्ज किती मिळतं याबरोबरच सही कुणाची, पासबुक कुणाच्या कपाटात.

ऑगस्ट १९७६ च्या अंकात मुखपृष्ठावर नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईचा चेहरा आला. घरातली मारहाण ही घरातली भानगड मानली जायची. ती मासिकाच्या दर्शनी पानावर आणणं हा मोठा धक्का होता. १९७७ मध्ये कामाच्या जागी बाईला होणाऱ्या लैंगिक त्रासावर अंक निघाला. आपल्याकडे त्याबद्दल विशाखा मार्गदर्शक सूचना १९९७ मध्ये आल्या, घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये आणि कामाच्या जागेचा कायदा २०१३ मध्ये. कायदा शेवटी येतो. त्याच्या आधी कुणीतरी ती गोष्ट नाव घेऊन सांगावी लागते.

आता पैशाची गोष्ट. मासिक वर्गणीपेक्षा जाहिरातींवर जास्त चालतं. खाद्यपदार्थांच्या कंपन्या म्हणायच्या, पाककृती छापा मग जाहिरात देऊ. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या म्हणायच्या, नटण्यामुरडण्यावर लेख छापा. एकदा सोव्हिएत रशियातून हद्दपार झालेल्या बायकांवरचा लेख 'मिझ'ने छापला. लेखाला बक्षीस मिळालं, पण मुखपृष्ठावरच्या त्या बायकांनी तोंडाला रंग लावला नव्हता म्हणून एका बड्या कंपनीने जाहिरात काढून घेतली. बायकांना हिणवणारी सिगारेटची जाहिरात 'मिझ'ने नाकारली, तर त्या कंपनीने आपल्या बाकीच्या मालाच्या जाहिरातीही बंद केल्या.

असं करत करत पंधरा वर्षं ओढली. १९८७ मध्ये मासिक विकावं लागलं. दोन-तीन हात फिरून १९९० मध्ये ते पुन्हा उभं राहिलं, या वेळी जाहिरातींशिवाय. किंमत वाढली, पण वाचणाऱ्या बायकांनी ती भरली. त्या पहिल्या अंकात ग्लोरियाबाईंनी जाहिरातदारांच्या सगळ्या अटी उघड लिहून टाकल्या. आज ते स्त्रियांच्या एका संस्थेकडे आहे आणि चालू आहे.

आपल्याकडेही मेळाव्याला मंडप कुणी दिला, जेवण कुणी दिलं, हे बघा. ज्याने मंडप दिला त्याचं भाषण पाऊण तास चालतं आणि बायकांना बोलायला पाच मिनिटं उरतात. वर्गणी काढून सतरंजीवर सभा घेतली तर वेळ आपला असतो.

ग्लोरियाबाईंवर टीकाही झाली, तीही सांगायला हवी. १९५९ मध्ये व्हिएन्नातल्या युवक महोत्सवाला अमेरिकन तरुणांना पाठवणाऱ्या संस्थेत त्या काम करत होत्या. त्या संस्थेला अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसा होता. हे १९६७ मध्ये बाहेर आलं आणि आपल्याला तो पैसा कुठला ते माहीत होतं, हे त्यांनी नाकारलं नाही. काही जणी म्हणाल्या, चळवळ गोऱ्या, शिकलेल्या बायकांचीच झाली. वर्तमानपत्रांनी त्यांच्या रूपावरच जास्त लिहिलं, त्यामुळे बरोबरीच्या कृष्णवर्णीय मैत्रिणी झाकल्या गेल्या. इतिहास सांगायचा तर पाट्या दोन्ही बाजूंनी वाचाव्या लागतात.

त्या भारतात पुन्हा पुन्हा आल्या. अर्थशास्त्रज्ञ देवकी जैन त्यांची मैत्रीण. दोघी एकदा कमलादेवी चट्टोपाध्याय यांना भेटल्या. गांधीजींच्या लढ्याच्या पद्धती बायकांच्या चळवळीला कशा उपयोगी पडतील असं त्यांनी विचारलं, तर कमलादेवींनी सांगितलं, की त्या पद्धती गांधीजीच बायकांकडून शिकले होते. २०१३ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान ग्लोरियाबाईंना मिळाला. २०२४ मध्ये त्यांनी नव्वदी गाठली.

आता आपल्या वहीकडे येऊ. आपल्या इतिवृत्ताच्या वहीत काय असतं? हजेरी, बचत, हप्ता, व्याज, दंड. तेही हवंच. पण बैठकीला एखादी पदर पुढे ओढून, गालावरचा वळ लपवून येते. आपण सगळ्याजणी बघतो, आणि वहीत लिहितो, "हप्ता जमा". तो गोल मग नुसत्या पैशांचा राहतो.

म्हणून आमची एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. मोबाइल बाजूला. एकीने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला लगेच द्यायचा नाही. जे बोललं जाईल ते तिच्या परवानगीशिवाय गोलाबाहेर जाणार नाही, दळणाच्या गिरणीवर तर नाहीच. एखादीला मार बसत असेल तर १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करता येतो, आणि २००५ च्या कायद्याप्रमाणे नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तिला एकटीला पाठवू नका. जोडीने जा.

आणि जे बोललं गेलं त्यातलं सांगण्यासारखं काही असेल, तर नाव न घालता लिहून आमच्याकडे पाठवा. चार ओळी चालतील, अक्षर कसंही चालेल. आपल्या रेडिओवर ते वाचून दाखवू आणि या मासिकातही छापू.